धरणातला मासा कोणाचा?

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काही तरी सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही "धरणातला मासा" म्हटल्यावर ते जरा थबकले. परंतु हा विषय आमच्याकडे युनियनच्याच वाटेने आला. कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या सभासदांत सातारच्या वसाहतीतले लेथवाले आहेत, सांगली-मिरजेकडचे फिटर आहेत, विट्याचे यंत्रमागवाले आहेत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी अशी चाळीसएक मंडळी कासवरून बामणोलीस उतरली आणि लाँचीत बसून वासोट्याकडे निघाली. वनखात्याच्या चौकीवर आमची नावे लिहून घेतली गेली, पाण्याच्या बाटल्याही मोजल्या गेल्या. एका फिटरने पिशवीत गळ आणि डबीत गांडुळे आणली होती. लाँच खोल पाण्यात आली तशी त्याने दोरी सोडायला घेतली. लाँचीवरचा म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, त्यो गळ पिशवीत घाला. हितं बंदी हाय."

फिटर म्हणाला, "मामा, समुद्राएवढं पाणी हे. एक मासा धरला तर कुणाचं काय जातंय?"

"जायाचं ते आमचं आधीच गेलंय," म्हातारा म्हणाला. "ह्या लाँचीखाली आमच्या आज्याचं भाताचं खाचर हाय. आमी बी मासा धरत न्हाई. मग तुमी कशाला?"

फिटरने गळ आत ठेवला. आमच्या मनातून मात्र प्रश्न गेला नाही. पाणी पाटबंधारे खात्याचे, काठ वनखात्याचा, मासा मत्स्यखात्याचा, आणि तळाची जमीन ज्याची होती तो लाँच चालवतो. मग मासा कोणाचा? पुढे दोन वर्षे सवड मिळेल तशी आम्ही ह्या प्रश्नाची कागदपत्रे वाचली, काठच्या गावांतून हिंडलो, वनखात्याच्या माणसांशीही बोललो. त्यातून जे हाती आले ते आज मांडतो.

प्रथम पाण्याविषयी. कोयना महाबळेश्वरास उगम पावून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेस वळून कराडला कृष्णेस मिळते. ह्या वळणाच्या वर देशमुखवाडीजवळ नदी अडवली आहे. भिंत सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०० मीटर लांब. तिच्यामागे शिवसागर पसरला आहे. तो थेट तापोळ्याच्या बाजूस जातो आणि कोयनेबरोबर सोळशी व कांदाटी ह्या खोऱ्यांतही शिरतो. साठा सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ह्या पाण्याचा मोठा वाटा पश्चिमेकडे डोंगरातून पोफळीच्या बाजूस सोडून त्यावर वीज केली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ही वीज १९६२ च्या सुमारास सुरू झाली, आणि मुंबईच्या गिरण्या व पिंपरी-चिंचवडचे कारखाने ज्या विजेवर वाढले तिच्यात हिचा वाटा होता. म्हणजे आपल्यापैकी ज्याने ज्याने तिकडे यंत्रावर हात ठेवला आहे, त्या प्रत्येकाच्या पगारात त्या म्हाताऱ्याचे खाचर थोडे तरी मिसळलेले आहे.

खोऱ्यातली माणसे धरणाच्या आधीही मुंबईस जातच होती. जावळी-पाटणचा माणूस गिरणीत, गोदीत आणि माथाडीत. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि त्यांच्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. परंतु मुंबईस जाणाऱ्याचे घर मागे उभे असे. धरणाने घरच गेले. पुनर्वसनाचा पहिला कायदा राज्यात १९७६ साली झाला, तोवर कोयनेचे पाणी भरून बरीच वर्षे लोटली होती. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी ठाणे-रायगडात. आणि पुष्कळ कुटुंबे पाणी चढेल तशी डोंगराच्या अंगावर वर सरकून तिथेच राहिली. काठावर आज जी वस्ती दिसते त्यात ह्या वर सरकलेल्यांचा भरणा मोठा आहे.

आता मासा. शहरातल्या माणसाची समजूत अशी की एवढे पाणी म्हणजे मासळीची खाण. आमचीही तीच होती. वस्तुस्थिती उलट आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. मासा पाणी खाऊन जगत नाही. उन्हाचा उजेड जिथवर पोचतो तिथवर पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढते, त्यावर बारीक किडे जगतात, त्यांवर मासा. खोल धरणात उजेड वरच्या थोड्या थरातच जातो. खालचे सगळे पाणी मुकाट, थंड आणि माशाच्या दृष्टीने ओसाड. खरा चारा काठच्या उथळ पाण्यात, जिथे गवत आणि झुडपे बुडतात. पण विजेचे धरण म्हणजे रोज पैसे काढले जाणारे खाते. भाद्रपदात ते काठोकाठ असते, वैशाखात काठ उघडे पडतात. वर्षात एवढी चढउतार झाल्यावर काठाची वनस्पती मूळ धरीत नाही. उघड्या पडलेल्या गाळावर माणसे गाळपेर करतात, परंतु माशाचे कुरण तेवढे जाते.

आणखी एक गोष्ट. नवे धरण भरले की पहिली काही वर्षे मासा खरोखरच अमाप होतो, कारण बुडालेली शेते, शेणखत, पालापाचोळा, झाडे सगळी पाण्यात कुजतात आणि त्याचा चारा होतो. हा साठा संपला की उत्पन्न खाली येते. काठची म्हातारी माणसे "पहिल्यांदा मोप मासा होता, पुढं जंगलखातं आलं अन् मासा गेला" असे सांगतात. त्यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याचे खापर वनखात्यावर फोडता येत नाही. अभयारण्य झाले नसते तरी मासा कमी झालाच असता.

किती मासा निघू शकतो ह्याचा अंदाज करता येतो. व्ही. व्ही. सुगुणन ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी भारतातल्या जलाशयांचा मोठा अभ्यास केला. जागतिक अन्न व शेती संघटनेने तो १९९५ साली प्रसिद्ध केला. लहान तलावांत हेक्टरी वर्षाला सुमारे ५० किलो मासा निघतो, मोठ्या जलाशयांत मात्र सरासरी ११ किलोच्या थोडा वर, असे त्यांना आढळले. शिवसागर पूर्ण भरल्यावर सुमारे ११५ चौरस किलोमीटर, म्हणजे ११,५०० हेक्टर होतो. ही सरासरी त्यास लावली तर वर्षाला साधारण १३० टन मासा होतो. आकडा ऐकायला मोठा आहे. तो हजार कुटुंबांत वाटून पाहा: कुटुंबाला वर्षाला १३० किलो, आठवड्याला अडीच किलो. मुलांच्या ताटात कालवण येईल आणि वर चार पैसे सुटतील, एवढाच हा व्यवहार. नीट निगा राखल्यास उत्पन्न वाढवता येते असे सुगुणन म्हणतात, परंतु मूळ गोष्ट ही की ह्या पाण्यात काठच्या कुटुंबांचा वाटा, बाहेरच्या ठेकेदाराचा नफा आणि आमच्यासारख्यांची चैन अशी तिन्ही पोटे भरतील एवढा मासा नाही.

मासाही एका जातीचा नसतो. कोयना नदीत पन्नासाहून अधिक जातींच्या माशांची नोंद झाली आहे. मरळ, वाम, शिंगटा आपल्या ओळखीचे. कटला, रोहू आणि मृगळ ह्यांचे बीज आणून सोडतात. ते मूळचे आपल्या डोंगरी नदीचे नव्हेत, उत्तरेकडच्या मैदानी नद्यांचे. आणि ज्याच्यासाठी गळवाले देशोदेशी हिंडतात तो महाशीर. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून १८३९ साली केले आणि त्यास 'खुदरी' असे आपल्याच बोलीतले नाव दिले. नदीतले पुष्कळ मासे मृगाचा पाऊस पडला की प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत चढतात आणि वर जाऊन अंडी घालतात. आपल्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि ओढ्याच्या तोंडाशी उभे राहून ते धरण्याची मौज पुष्कळांनी लहानपणी लुटली असेल. आम्हीही लुटली आहे. पोटात अंडी असलेला एक मासा तिथे धरला म्हणजे पुढच्या सालची पाटीभर मासळी धरली, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

आता कायदा. कायद्याची भाषा आम्ही कामगार-न्यायालयाच्या बाकावर बसून शिकलो, तेव्हा वकिलांनी आमच्या शब्दांस क्षमा करावी. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी दक्षिणेस वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात ही दोन्ही जंगले घेतली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वन्यजीव म्हणजे केवळ वाघ-गवा नव्हे. पाण्यातला जीवही त्यात येतो. अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात परवान्यावाचून मासा मारणे म्हणूनच गुन्हा ठरते, मग तो ठेकेदाराच्या जाळ्याने मारा की फिटरच्या गळाने. राष्ट्रीय उद्यानात नियम ह्याहून कडक. सांगलीकरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण शिराळा तालुक्यातल्या वारणा धरणाचा ३४ टीएमसीचा वसंतसागर ह्या उद्यानाच्या कुशीत आहे. मणदूरच्या बाजूने आत जाणाऱ्याने गळ घरी ठेवूनच जावे. कोयनेवर आणखी एक कुलूप होते. धरण व वीजघराच्या रक्षणासाठी शासकीय गुपितांच्या १९२३ च्या कायद्याखाली जलाशयावर निर्बंध होते. ते सैल झाल्यावर २०२४ साली जावळी तालुक्यात मुनावळे येथे जलक्रीडेचे केंद्र सुरू झाले.

ह्या सगळ्या कुलपांबरोबर एक किल्लीही कायद्यात आहे, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(घ) वनात राहणाऱ्या गावांच्या सामूहिक हक्कांत "मासे व जलाशयातील इतर उत्पन्न" ह्यांचा स्पष्ट समावेश करते. हा कायदा अभयारण्यांस व राष्ट्रीय उद्यानांसही लागू आहे. आदिवासी नसलेल्या कुटुंबांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनात राहून त्यावर पोट भरल्याचे दाखवावे लागते. इथे एक साहेब आम्हाला म्हणाले, "अहो, तळेच साठ वर्षांचे, तीन पिढ्यांचा हक्क त्यात कुठून आणता?" प्रश्न चतुर आहे, पण उत्तर सोपे आहे. कायदा माणसाच्या वस्तीचे वय विचारतो, पाण्याचे विचारत नाही.

वनखात्याची बाजूही ऐकली पाहिजे. ती निव्वळ हटवादाची नाही. एका वनरक्षकाने आम्हाला समजावले की त्याला भीती माशाची नसून जाळे टाकणाऱ्याच्या रात्रीची आहे. जाळे संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. रात्रभर माणूस काठावर राहिला की चूल पेटते, चुलीला जंगलातले लाकूड लागते, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि एखाद्याच्या पिशवीतून जाळ्याबरोबर फासकीही निघते. सोडून दिलेल्या जाळ्यात पाणमांजर अडकून मरते. हे सर्व खरे आहे. पण ह्यावर सरसकट बंदी हाच इलाज आहे काय?

पेंचचे उदाहरण ह्यासाठी सांगावेसे वाटते. नागपूरच्या उत्तरेस, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ह्यांच्या सीमेवर, पेंच नदीवर तोतलाडोहचे धरण आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस वाघाचे जंगल. धरणाने उठवलेल्या माणसांना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे ३०५ परवाने दिले. वन्यप्राण्यांच्या कैवाऱ्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. त्यांस अटी घातल्या. प्रत्येकाजवळ फोटोचे ओळखपत्र हवे. येण्याजाण्याची वाट ठरलेली हवी. काठावर विस्तव पेटवायचा नाही. रोज किती मासा धरला त्याची नोंद हवी. वनरक्षकाने आम्हाला ज्या भीती सांगितल्या होत्या त्यांतल्या बहुतेकींवर ह्यात इलाज आहे.

आम्हा युनियनवाल्यांस ह्यात नवल वाटले नाही. ही हजेरीपटाची रीत आहे. ज्या कारखान्यात हजेरीपट नाही तिथे मालक म्हणतो हे माझे कामगारच नव्हेत, आणि मग त्यांच्यातला एखादा चोर निघाला तर सगळेच चोर ठरतात. नाव पटावर आले की हक्क येतो आणि जबाबदारीही येते. मध्य प्रदेशातच तवा जलाशयावर विस्थापितांच्या सहकारी संघाने, तवा मत्स्य संघाने, १९९६ पासून दहा वर्षे ठेका चालवला. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवली, बीज सोडले. २००६ साली ठेका संपला तो वाघांच्या जंगलाच्या कारणाने पुढे मिळाला नाही. पटावर नाव असले म्हणजे कायमचे निभावते असेही नव्हे, हे आम्ही बंद गिरण्यांच्या कामगारांपुढे वेगळे सांगायला नको.

कोयनेत पटच अपुरा. धरणग्रस्त किती, कुठे, कोणाला काय मिळाले ह्याच्या नोंदीस सरकारी भाषेत संकलन म्हणतात. हे संकलन अर्धे शतक उलटले तरी पुरे होईना, म्हणून श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली धरणग्रस्तांना २०१८ साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. वासोट्याच्या वाटेवर आमच्या बाटल्या किती ते चौकीस ठाऊक होते.

आता आपल्या मौजेविषयी. काही कडवे मित्र म्हणतील, शहरी माणसाने तिकडे जाऊच नये. हे आम्हाला मान्य नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणीकामगारांस १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, ती काही घरात बसून छताकडे पाहण्यासाठी नव्हे. मोकळी हवा, पाणी, डोंगर हा श्रमणाऱ्याच्या मजुरीचाच भाग आहे. गळ टाकून तीन तास गप्प बसणे ही तर यंत्राच्या आवाजाने किटलेल्या कानांस मोठी विश्रांती. फक्त ती कुठे आणि कोणाच्या संगतीने घ्यावी एवढेच पाहायचे. गळवाल्यास अभयारण्याबाहेरचे गावतळे पुष्कळ आहे. तिथे ठेका गावच्या किंवा भोयांच्या मच्छीमार सोसायटीचा असतो, तिला विचारून, दिवसाचे पैसे देऊन बसावे. शिवसागरावर तापोळ्यास व बामणोलीस स्थानिकांच्या बोटी आहेत, त्यांत बसावे; तेवढे पैसे तरी खोऱ्यात राहतात. आमच्या पहिल्या सहलीत एका पोराने लाँचीवर कर्णा लावला होता. पलीकडच्या काठावरचे गवे उठून गेले. पोराला आम्ही कर्णा बंद करायला सांगितले, पण सांगायला अर्धा तास उशीर केला, हे कबूल करतो.

आणखी एक सांगतो, कारण ही चूक भली माणसेच करतात. घरच्या टाकीतले किंवा बाजारातून आणलेले जिवंत मासे पुण्य म्हणून धरणात सोडू नयेत. चिलापी आणि आफ्रिकी मागूर एकदा पाण्यात शिरले की बाहेर काढता येत नाहीत. चांगल्या हेतूनेही घात होतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महाशीराची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णींसारख्या जाणकारांचे ते काम मोठेच होते, लक्षावधी पिले त्यातून तयार झाली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. तिथे मूळचा एक वेगळा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता, जगात दुसरीकडे कुठे नाही असा. पाहुणा वाढला आणि घरचा नाहीसा होत चालला, असे २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिले. वाळूउपसा, सुरुंग, धरणे ही कारणेही होतीच; परंतु दख्खनचा मासा दख्खनेत ठेवला असता तर एक कारण कमी झाले असते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वनहक्क कायद्याचे नियम आणि सामूहिक दाव्याचा 'नमुना ख' घेऊन पुन्हा त्या काठावर गेलो. त्या नमुन्यात मासे व जलाशय ह्यांसाठी स्वतंत्र रकाना आहे. दावा ग्रामसभेने करायचा, तो उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. आमच्यासोबत साताऱ्याचे एक निवृत्त भूमापक होते, त्यांनी नकाशा कसा काढावा ते दाखवले. असे जाणते लोक आपल्या शहरांत पुष्कळ आहेत, आणि ह्या कामाला त्यांच्या चार रविवारांची गरज आहे. गावकरी म्हणाले, पुरावा काय जोडायचा? सात-बारे पाण्याखाली गेले तेव्हाच कागदही गेले. आम्ही नियम १३ काढून वाचला. दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेले लिहून घेतले, तर तोही पुरावा धरला जातो.

तेव्हा लाँचीवरच्या त्या म्हाताऱ्यास बोलावले. पदवीधर झालेली एक पोर वही घेऊन बसली. म्हाताऱ्याने पाण्याकडे बोट केले आणि वरच्या अंगापासून सुरुवात केली: कुठे ओढा मिळत होता, कुठे देऊळ, कुठल्या डोहात मासा असे, आणि तो कोणत्या वाडीने धरायचा. संध्याकाळपर्यंत वहीची अकरा पाने झाली, आणि तो अजून पहिल्याच वाडीत होता.